दाईची साक्ष

२००९ सालच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण होते. जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात तिला भरती केले होते. सोबत अम्मी आणि नानी. नानीचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कळा वाढल्या तसे बहिणीला आत नेले आणि दार बंद झाले. नानी दारापाशी गेली, तर आतून एक बाई ओरडली, “आजी, बाहेर बसा. इथं गर्दी करू नका.” नानी म्हणाली, “मी काही करत नाही माय, नुसती उशाला बसते.” त्यावर जे उत्तर आले ते मी स्वतः ऐकले. “तुमच्यात काय, दरवर्षीच असतंय. एवढं काय त्यात?”

ते बहिणीचे पहिलेच मूल होते. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ज्या बाईला दाराबाहेर बसवले होते, तिने उमरगा तालुक्यातल्या आपल्या गावात आणि आसपासच्या चार-पाच वाड्यांत चाळीसहून अधिक वर्षे बाळंतपणे केली होती. बहीण आत एकटी होती. रात्रभर तिच्याजवळ घरचे कोणी नव्हते. पहाटे भाची झाली, दोघी सुखरूप. नंतर बहीण एवढेच म्हणाली, “दुखण्यापेक्षा एकटेपणाच जास्त लागला.”

नानी २०१६ साली गेली. तिच्या हयातीत मी तिला जे विचारले आणि जे विचारायचे राहून गेले, त्यातून हा लेख आला आहे. मराठवाड्यातल्या दाईबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले गेले. जे लिहिले गेले त्यात ती एकतर अडाणी आणि घाणेरडी असते, नाहीतर निसर्गाची गुपिते जाणणारी कुणी देवी असते. माझी नानी यातली कोणीच नव्हती.

नाव नवे, काम जुने

अलीकडे मुंबई-पुण्यात ‘डूला’ हा शब्द ऐकू येतो. बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबत राहणारी, तिला धीर देणारी, पाठ-कंबर चोळणारी, डॉक्टर काय म्हणतात ते समजावून सांगणारी आणि तिचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी प्रशिक्षित बाई म्हणजे डूला. ती प्रसूती करत नाही, औषध देत नाही. तिचे काम सोबतीचे. मूळ शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ दासी किंवा सेविका असा होतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी तो १९७०च्या दशकात या अर्थाने वापरात आणला. १९८० साली ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात झालेल्या अभ्यासात दिसले की, कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत एखादी बाई नुसती सोबत राहिली तरी बाळंतपण लवकर आणि कमी गुंतागुंतीचे होते. पुढे अनेक देशांत तसेच अभ्यास झाले. २०१७ साली १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा आणि पंधरा हजारांहून अधिक बायकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी आणि बाळंतपणाचा अनुभव अधिक चांगला, असा त्याचा निष्कर्ष होता.

दुसरा एक शब्द आहे ‘प्रजनन न्याय’. १९९४च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात बारा कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी ही संकल्पना मांडली. त्यांचे म्हणणे साधे होते. मूल नको असेल तर न होऊ देण्याचा हक्क हवा, मूल हवे असेल तर ते होऊ देण्याचाही हक्क हवा, आणि झालेले मूल सुरक्षित, माणुसकीच्या परिस्थितीत वाढवण्याचा हक्कही हवा. गर्भपाताच्या हक्कावर लढणाऱ्या सुस्थितीतल्या स्त्रियांना पहिला हक्क पुरेसा वाटत होता. ज्यांची जबरीने नसबंदी झाली, ज्यांची मुले वंशद्वेषाची आणि गरिबीची शिकार झाली, त्यांना बाकीचे दोन हक्कही तितकेच महत्त्वाचे होते. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय डूला आज आपले काम याच लढ्याचा भाग मानतात.

हे वाचताना मला नानी आठवली. तिला ‘हक्क’ हा शब्द माहीत होता, तो ‘हक्काची ज्वारी’ या अर्थाने. पण या तीनही गोष्टी तिच्या गावात, तिच्या डोळ्यांदेखत घडून गेल्या होत्या.

निजामाच्या राज्यातला एक कोपरा

आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जुने धाराशिव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झाले, आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव. जुन्या जिल्ह्यात लातूरही होते. लातूर वेगळे झाले १९८२ साली.

ब्रिटिश हिंदुस्थानात दाईला ‘सुधारण्याचे’ प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले होते. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया शिष्यवृत्ती निधी निघाला. मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. निजामाच्या हैदराबाद शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया जनाना हॉस्पिटल उभे राहिले.

पण उमरग्याहून हैदराबाद दोनशे किलोमीटरच्या वर. खेड्यातल्या बाईला जनाना हॉस्पिटल ही ऐकीव गोष्टच होती. तिच्या वाट्याला गावातली दाई. कुठे ती मांग समाजातली असे, कुठे न्हाव्याच्या घरातली, कुठे मुसलमान. कामाची वाटणीही जातीनुसार असे. आमच्या गावात मूल बाहेर काढणारी मुसलमान दाई, आणि वार पुरणारी, रक्ताची लुगडी धुणारी मांगवाड्यातली बाई. बारशाच्या पंगतीत मात्र दोघींचे ताट बाहेर ओसरीवर. नानी सांगायची, “बच्चा मेरे हात में, पानी उपरसे.” म्हणजे ज्या हातांनी मूल झेलले, त्या हातांवर पाणी वरून ओतायचे. तांब्याला शिवू द्यायचे नाही.

मोबदलाही ठरलेला होता. मुलगा झाला तर दोन पायली ज्वारी आणि लुगडे. मुलगी झाली तर एक पायली, लुगड्याचे पुढे बघू. नानी यावर कधी हसायची नाही. “मेहनत तो एकच,” एवढेच म्हणायची. मुलगी झाली की सासू दाईकडेच रागाने बघायची, जणू तिनेच काही कमी केले. अशा वेळी बाळंतिणीला दोन दिवस पोटभर खायला मिळावे म्हणून नानी तिथेच बसून राहायची. सासूच्या हातून अळीव, डिंक, खारीक-खोबरे काढून घेणे हाही तिच्या कामाचा भाग होता. आमच्या घरी बाळंतिणीला अछवानी देत, मराठ्यांच्या घरी शेपा आणि ओवा. सहाव्या दिवशी सटवाई कपाळावर नशीब लिहायला येते, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखी. मौलवी रागावत, पण छट्टीची रात्र आमच्याही घरात जागवली जायची.

१९४८

नानी दाई कशी झाली, हे तिने फार उशिरा सांगितले. तिच्या सासूकडे हे काम होते. नानीला त्याची किळस यायची. ती लग्न होऊन आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. त्याआधीच्या महिन्यांत रझाकारांनी या भागातल्या खेड्यांवर जुलूम केले होते. त्यांचा नेता कासिम रझवी लातूरचाच वकील. त्या जुलमाची आठवण हिंदू घरांत आजही आहे, आणि ती खरी आहे. सैन्य आल्यानंतर त्याचा सूड मात्र ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा खेड्यांतल्या मुसलमानांवरही उगवला गेला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला पंतप्रधान नेहरूंनी पाहणीसाठी पाठवले होते. समितीच्या अहवालानुसार संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्या घरातले तीन पुरुष गेले. त्यांत नानीचा सासरा आणि मोठा दीर होता. नाना वाचले, कारण गावातल्या एका लिंगायत शेतकऱ्याने त्यांना कडब्याच्या गंजीत लपवले. घरात कमावते हात उरले नाहीत, जमीन पडीक राहिली. सासूने नानीला सोबत न्यायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने पाहिलेली काही बाळंतपणे ती कधी पूर्ण सांगत नसे. अहवालात बायकांवरच्या अत्याचारांची, पळवून नेण्याची, विहिरीत उड्या घेतलेल्यांची नोंद आहे. पण ज्या वाचल्या आणि ज्यांना दिवस गेले, त्यांचे काय झाले याचे उत्तर कागदावर कुठेच नाही. नानीच्या सासूकडे होते. अशा बायका रात्री यायच्या, किंवा कुणीतरी निरोप घेऊन यायचे. सासू जायची, सोबत नानी. कुणाचे मूल, हा प्रश्न विचारायचा नाही. सासूचा नियम होता, “नाम नै पूछना, बाप नै पूछना. बच्चा पूछना, अम्मा पूछना.” काही मुले जगली, काही नाही. काही दूरच्या नातेवाइकांकडे वाढली. पोलीस ॲक्शनच्या राजकारणावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. या बायकांची बाळंतपणे कोणी केली, हा प्रश्न मी कोणत्याच चर्चेत ऐकलेला नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात या कामाला मोठा पूर्वज आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या, अत्याचार झालेल्या विधवांनी तिथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. त्यांची देखभाल सावित्रीबाई स्वतः करीत. तिथे बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत, आणि पुढे तो डॉक्टर झाला. आज आपण ज्याला प्रजनन न्याय म्हणतो ते काम पुण्यातल्या एका घरात त्या काळी उघडपणे, जाहिरात करून चालले होते. नानीच्या सासूने फुल्यांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. तरी दोन्हीकडचा नियम एकच होता.

पुढची गोष्ट मला आजही नीट समजत नाही. ज्या गावात घरचे पुरुष मारले गेले, त्याच गावातल्या घराघरांत नानी पुढची चाळीस वर्षे जात राहिली. ज्यांच्यावर संशय होता त्यांच्या सुनांचीही बाळंतपणे तिने केली. मी एकदा विचारले, “राग नाही आला?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता था. पर उस छोकरी का क्या कसूर? वो तो तब पैदा बी नै हुई थी.”

नसबंदीचे दिवस

१९७५ साली आणीबाणी आली. ऑगस्ट १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने कायदा लागू झाला नाही, पण मोहीम कायद्याची वाट बघत थांबली नव्हती. उस्मानाबादच्या सीमेवरचे बार्शी शहर त्याच वर्षाच्या सुरुवातीला माणसे रस्त्यावरून धरून नेऊन केलेल्या नसबंदीसाठी देशभर बदनाम झाले. बार्शी म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम भागाची बाजारपेठ. तिथली बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या गावातले पुरुष, हिंदूही आणि मुसलमानही, काही आठवडे रात्री शेतात झोपायला जात.

नंतर सरकारने बायकांकडे मोर्चा वळवला. नसबंदीचे कॅम्प लागू लागले, लक्ष्ये ठरली, आणि गावातली बाई कॅम्पपर्यंत आणण्याची अपेक्षा दाईकडूनही केली जाऊ लागली. नानीची इथे कोंडी झाली. तिला स्वतःला आठ मुले, त्यांतली पाच जगली. सतत बाळंत होऊन खंगलेल्या बायका तिने रोज पाहिल्या होत्या. अनेक बायका कॅम्पला स्वतःहून, नवऱ्यापासून लपून जायला तयार होत्या आणि ती त्यांच्या सोबत जायची. पण ज्यांची इच्छा नव्हती त्यांना आणायला तिने नकार दिला. “जिसकू होना, उसकू ले जाती. नै होना उसकू कायकू?” तिच्यावर दोन्हीकडून आरोप झाले. कॅम्पवाले म्हणत ही मुसलमान, म्हणून अडवते. मोहल्ल्यातले म्हणत ही बायकांना बिघडवते. बाईच्या शरीराचा निर्णय बाईचा, एवढीच तिची भूमिका होती आणि ती कोणालाच परवडत नव्हती.

मुसलमान बाईच्या मुलांची मोजदाद तेव्हा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. २००९ साली माझ्या बहिणीने जे ऐकले, ते त्याच मोजदादीचे शेपूट.

पेटी, ब्लेड आणि आंबूबाजी

नानीला देवी करायचे नाही असे मी वर म्हटले, तेव्हा हेही सांगितले पाहिजे. नानीची थोरली मुलगी, माझी मावशी, पहिल्या बाळंतपणात गेली. साल १९७१. मूल झाले, पण वार अडकली आणि रक्त थांबेना. नानी स्वतः तिच्याजवळ होती. पोट चोळले, येत होते ते सगळे केले. शेवटी बैलगाडी जुंपली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मावशी संपली होती. मूल तीन आठवडे जगले. घरात तिला आंबूबाजी म्हणत. नानी तिचे नाव घेतले की विषय बदलायची.

सोबत, माया आणि अनुभव यांनी रक्तस्राव थांबत नाही. त्याला औषध लागते, रक्त लागते, रस्ता आणि गाडी लागते. जुन्या बाळंतपणाच्या आठवणी काढून हळवे होणाऱ्यांनी हे विसरू नये. नाळ विळ्याने कापली जायची, जखमेवर राख लावली जायची, धनुर्वाताने मुले जायची. नानीच्या सासूनेही तेच केले होते.

१९७७ साली ग्रामीण आरोग्य योजनेत दाईंना महिनाभराचे प्रशिक्षण सुरू झाले. नानीचा नंबर काही वर्षांनी लागला. तीनशे रुपये विद्यावेतन मिळाले आणि एक पेटी मिळाली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही लावायचे नाही, या पाच गोष्टी तिने आयुष्यभर पाळल्या. नोंद केलेल्या प्रत्येक बाळंतपणामागे दहा रुपये मिळायचे होते. ते कधी मिळाले, कधी नाही. पण पेटीचा तिला अभिमान होता. “पहले कोई पूछताच नै था. अब सरकार पूछी,” असे ती म्हणायची. पेटी अजून अम्मीकडे आहे. पत्रा गंजला आहे.

खेड्यातल्या निरक्षर बाईवर विश्वास टाकला तर काय होऊ शकते, हे आमच्या जिल्ह्याच्या वेशीवर दिसले होते. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी दलित, परित्यक्ता, निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. सुरुवातीला या भागात दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. काही दशकांत हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे आमच्याच तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूत बायका आणि दाई यांच्या जोरावर नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला आणि जगाने त्याची दखल घेतली.

पत्र्याच्या शेडमधली बाळंतपणे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक गाढ झोपेत होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली, आठ ते दहा हजार माणसे गेली. आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर त्यांतले एक. आमच्या गावातली दगड-मातीची घरे पडली, पण माणसे बहुतेक वाचली.

भूकंपाला पोटुशी बाई थांबवता येत नाही. त्या हिवाळ्यात माणसे ताडपत्र्यांखाली, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि तिथेच बाया बाळंत होत होत्या. नानी साठीच्या पुढे होती. तिने काम कमी केले होते, पण त्या चार महिन्यांत ती पुन्हा पेटी घेऊन फिरली. मला आठवते, मी शाळकरी होतो आणि कंदील धरून तिच्या मागे चालत होतो. शेडच्या बाहेर मी बसायचो. आतून तिचा आवाज यायचा, “डरू नक्को बेटा, मैं यांच हूँ.” मराठी घरातली सून असली तर, “भिऊ नगं माय, मी हितंच हाय.” रात्रभर हेच एक वाक्य. तेव्हा मला ते कंटाळवाणे वाटायचे. आज वाटते, डूलाच्या सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा त्या एका वाक्यात होता.

ज्या महिन्यांत शिकागोत त्या बारा स्त्रिया नवी संकल्पना मांडत होत्या, त्याच महिन्यांत उस्मानाबाद-लातूरच्या बायका पुनर्वसनाच्या कामात उतरत होत्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने शेकडो गावांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घराचे आराखडे समजून घेऊन अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. भूकंपानंतर सास्तूरला उभे राहिलेले स्पर्श रुग्णालय आज परिसरातल्या बाळंतपणांचे भरवशाचे ठिकाण आहे. एवढ्या विध्वंसातून बायकांसाठी काही चांगलेही निघाले, हे मान्य केले पाहिजे.

दार बंद झाले

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी गरीब बाईला पैसे मिळू लागले. ‘आशा’ कार्यकर्ती आली. दाईचे प्रशिक्षण थांबले. निर्णयामागचे कारण चुकीचे नव्हते. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये दर लाख जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. हे आकडे बघताना मला मावशीची बैलगाडी आठवते. १९७१ साली हे असते तर ती वाचली असती. म्हणून दवाखान्याच्या विरोधात माझ्याकडे बोलायला काही नाही.

तक्रार एवढीच आहे की दाईला बाजूला करताना तिची दोन कामे एकच समजली गेली. मूल काढण्याचे काम डॉक्टर-नर्सकडे गेले, ते योग्यच झाले. उशाशी बसण्याचे काम कोणाकडेच गेले नाही. आशाताई बाईला दारापर्यंत आणते, कागद भरते, आणि तिचे मानधन वेळेवर मिळावे म्हणून तिलाच संपावर जावे लागते. दाराच्या आत बाई एकटी असते. ती गरीब असेल, पारधी-मांग-मुसलमान असेल, तर तिच्याशी कोणत्या भाषेत बोलले जाते हे आपल्या घरच्या बायकांना विचारा.

जिथे कोणी साक्षीदार नसतो तिथे काय होऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्या बीडमध्ये आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आमच्या जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागातूनही कोयते निघतात. फडात खाडा परवडत नाही, पाळीची कटकट नको, कॅन्सर होईल अशी भीती घातलेली. पंचविशी-तिशीतल्या बाईला सही करताना शेजारी बसून “थांब, हे खरंच गरजेचं आहे का ते विचारू” असे म्हणणारी एक बाई असती, तर त्यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या?

साक्ष

इस्लामी कायद्यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. हनफी फिकहमध्ये जन्माच्या बाबतीत एकट्या दाईची साक्षही ग्राह्य धरली आहे. मूल जिवंत जन्मले का, ते कुणाच्या पोटचे, हे ती सांगेल ते मानायचे, कारण तिथे दुसरे कोणी नसते. बाईच्या साक्षीवरून आपल्यात इतके वाद होतात, पण हा नियम कोणी सांगत नाही. कुरआनमध्ये हजरत मरियम खजुराच्या झाडाखाली कळांनी व्याकूळ झालेल्या असतात, तेव्हा त्यांना पहिल्यांदा मिळते ती धीर देणारी हाक. पाणी आणि खजूर त्यानंतर.

कागदावर आता आपल्या सरकारनेही हे मान्य केले आहे. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई ठेवण्यास परवानगी दिली. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तिचा समावेश झाला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. पण खाटा कमी, पडदे नाहीत, एका खोलीत तीन बाया, अशा ठिकाणी “गर्दी करू नका” हेच ऐकू येते. शहरात ज्यांना परवडते त्यांनी डूला पैसे देऊन मिळवली. खेड्यात जी फुकट मिळत होती तिला आपण बाहेर बसवले.

मला दाईचे जुने दिवस परत नको आहेत. ओसरीवरचे ताट, वरून ओतलेले पाणी, मुलीसाठी निम्मी ज्वारी यातले काहीच नको. प्रत्येक लेबर रूममध्ये एक खुर्ची हवी आहे. तिच्यावर आई, बहीण, आशाताई किंवा गावातली जाणती बाई बसेल, आणि तिला तिथून कोणी उठवणार नाही. ती परकी असेल तर तिला कामाचा मोबदला मिळेल. तिने जे पाहिले ते ती सांगेल आणि ते ऐकून घेतले जाईल. पडदा आणि खुर्ची यांना फार पैसा लागत नाही. महिला मंडळांनी, मोहल्ल्यातल्या जमातींनी, ग्रामपंचायतींनी आपापल्या दवाखान्यात जाऊन एवढे एक विचारले तरी सुरुवात होईल: २०१६चा आदेश इथे पाळला जातो का?

गेल्या वर्षी बहिणीच्या जावेचे बाळंतपण होते. दवाखाना दुसरा, पण दारावर तेच वाक्य. या वेळी बहीण हलली नाही. आदेशाची प्रत तिने मोबाइलमध्ये ठेवली होती, ती दाखवली. सिस्टर कुरकुरली, मग स्वतःच एक स्टूल सरकवून दिले. रात्रभर बहीण उशाशी बसली. सकाळी फोनवर तिला विचारले, काय केलेस ग एवढा वेळ?

“काही नाही भाई,” ती म्हणाली. “नुसतं म्हणत होते, मैं यांच हूँ.”